विहीणबाईंकडचा पाऊस

सकाळपासून भुरभुर चालू आहे. पागोळ्या गळाव्यात एवढा जोर नाही, पण ओट्याची फरशी वाळू द्यायची नाही एवढा नेट आहे. भाद्रपद सरत आला. उत्तरा नक्षत्र असंच असतं आमच्या काष्टीला, कधी नुसतं आभाळ, कधी असा चिकट पाऊस. घरात पाहुणे आहेत, अजून झोपलेत. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले आणि दरवर्षी या दिवसांत होतं तसंच झालं. समोरच्या पावसाचं वाक्य मनातल्या मनात इंग्रजीत तयार झालं. ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग.’ वाक्य बरोबर जमलं की अजूनही मला परीक्षेत उत्तर आल्यासारखा आनंद होतो.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. काळ, पुरुष, लिंग, वचन सगळं माझ्या बोटांवर. इंग्रजीशी मात्र माझा संबंध पास होण्यापुरताच आला. निवृत्त झाल्यावर कुणी मला सांगितलं असतं की तू इंग्रजी व्याकरण शिकशील, आणि तेही पावसाकडून, तर मी हसले असते. पण एक पावसाळा तसा आला खरा.

आमची स्वाती नर्स. आयर्लंडला नोकरी लागली म्हणून गेली आणि तिथेच शॉन नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. जावई एकदा येऊन गेले होते, पण त्यांच्या आईची न् माझी गाठ पडली नव्हती. त्या म्हणजे नोराबाई. समुद्राजवळच्या एका खेड्यात राहायच्या, नवरा वारलेला, दारात चार गाई. गाई आहेत एवढ्यावर आमचे हे खूश. स्वातीचे वडील, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. ते म्हणाले, “मंग आपल्यातलीच हाय की बाई!”

पण आपल्यातलं असलं तरी बोलायचं काय? पहिल्या व्हिडिओ कॉलला आम्ही दोघी विहिणी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिलो. मी पदर नीट केला, त्यांनी चष्मा नीट केला. मग त्यांनी विचारलं, “हाऊ इज द वेदर?” मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पाऊस होता. मला एवढं हायसं वाटलं! निदान सांगायला काहीतरी होतं.

“इट इज रेनिंग,” मी म्हणाले. त्यांनी फोन त्यांच्या खिडकीकडे वळवला. तिकडेही पाऊस.

दर रविवारी आमचं तेच. हवापाणी. जगात माणसं हवापाण्यावर का बोलतात ते मला तेव्हा कळलं. त्याला दोघांच्याही घरात परवानगी लागत नाही. कुणाच्याही आभाळाबद्दल विचारलं तरी आगाऊपणा होत नाही.

शेजारी शेलारबाई राहतात. हायस्कूलला इंग्रजी शिकवायच्या, माझ्यानंतर वर्षभराने निवृत्त झाल्या. एका रविवारी त्या बसल्या होत्या आणि मी ऐटीत म्हणाले, “इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग.” त्यांनी कॉल संपू दिला. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, “विमलताई, सिन्स आलं की हॅज बीन! अर्धं आयुष्य पोरांना हेच सांगण्यात गेलं माझं, आणि तुम्ही शेजारी बसून...”

“पण बाई, सकाळपासून पाऊस पडतोय असंच म्हणतो ना आपण? आत्ता पडतोय म्हणजे वर्तमानकाळ.”

“आपल्याला चालतं. इंग्रजीला नुसता ‘पडतोय’ पुरत नाही. कधीपासून म्हटलं की सकाळचा पाऊस आणि आत्ताचा पाऊस एका दोरीत बांधून द्यावा लागतो.”

त्या बोलल्या त्या सवयीने, पण मला ती दोरी आवडली. पुढे किती दिवस मी भाकरी थापताना, तुळशीला पाणी घालताना वाक्यं बांधत होते. इट इज रेनिंग म्हणजे बघ, पडतोय. इट रेन्स म्हणजे पडतो, आपला पडतो, पावसाळ्यात पडायचाच. इट हॅज बीन रेनिंग म्हणजे पडत आलाय. आमच्या मराठीत हे सगळं आहेच, पण आम्ही ते आवाजावर भागवतो. नाना आभाळाकडे बघून “पडतोय” म्हणतात, त्यातच कधीपासून, किती आणि अजून किती हे सगळं येतं. ज्याने ते ऐकलंय त्याला वेगळं क्रियापद लागत नाही.

एकदा नोराबाई म्हणाल्या, “इट्स बीन रेनिंग.” मी बघते तर त्यांच्या मागच्या खिडकीत लख्ख ऊन. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. शेलारबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. पाऊस थांबला असेल, पण अंगण ओलं असेल. खूण उरली असली की असं म्हणतात.”

थांबलेल्या पावसालाही ते चालू काळात ठेवतात, फक्त अंगण ओलं आहे म्हणून. मला हे फार सुंदर वाटलं.

आणि मग नोराबाईंनी शेलारबाईंनाच कोड्यात टाकलं. मी विचारलं होतं, तुमच्याकडे पाऊस किती? त्या हात हलवून म्हणाल्या, “अरे, इट डज बी रेनिंग हिअर ऑल द टाईम.” म्हणजे त्या ‘अरे’ म्हणाल्या नसतील, पण सूर तोच होता. शेलारबाई माझ्या कानाशी लागल्या, “डज बी? हे चूक आहे. हे असं नसतंच.”

पण मला अर्थ आधीच कळला होता. पाऊस पडत असतो. आत्ता पडतोय की नाही हा प्रश्नच नाही, तो पडत असतो. ‘असतो’ हा आमचा शब्द, याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. नाना बागेत असतात. स्वाती लांब असते. ती फोन करत असते.

स्वातीने पुढे सांगितलं, की तिथल्या जुन्या माणसांची मूळ भाषा वेगळी, आणि तिच्यात असं ‘असतो’चं रूप आहे. इंग्रजी बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते रूप सोबत आणलं, पुस्तकात बसो न बसो. शेलारबाई हे ऐकून मनापासून हसल्या. “म्हणजे आपल्यासारखेच की! आपणही कुठे आपलं घरी ठेवून येतो?”

असा तो पावसाळा मजेत चालला होता. स्वातीला दिवस गेले होते. दिवाळीनंतरची तारीख होती आणि मी आश्विनात जायचं ठरलं होतं. डिंक, हळीव, मेथ्या सगळं मी डब्यांत भरूनही ठेवलं होतं.

श्रावण संपता संपता तिचं बीपी वाढलं. पाय सुजले. डॉक्टरांनी काम बंद करायला लावून सरळ झोपवलं, उठायचं नाही, जिना चढायचा नाही. मला तर त्याच दिवशी निघायचं होतं. पण पासपोर्ट हातात असून व्हिसाचा पत्ता नव्हता. नाना चारदा मुंबईला फोन लावायचे आणि चारदा तेच उत्तर ऐकायचे. मी घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरायची. लेकीला आईची गरज असताना आईने काष्टीत बसून राहायचं, याचं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

तेव्हा नोराबाई उठल्या. गाई शेजाऱ्याच्या हवाली केल्या आणि बॅग भरून स्वातीच्या घरी शहरात येऊन राहिल्या. त्या दिवसापासून त्या मला रोज फोन करू लागल्या. आमची संध्याकाळ, त्यांची दुपार. जावई कामावर, स्वाती औषधांनी गुंगलेली, बोलायला आम्ही दोघीच. आणि आमच्या दोघींत मिळून भाषा किती, तर पावसापुरती.

पण तेवढी पुरली.

आधी त्या हवा सांगायच्या, मग मी सांगायची. मग मी विचारायची, “स्वाती इज स्लीपिंग?” एकदा त्या म्हणाल्या, “शीज बीन स्लीपिंग, लव्ह.” हे तर अंगण ओलं असल्याचं वाक्य. म्हणजे आत्ता झोपलेली नाही, पण झोपून उठलीय, चेहऱ्यावर अजून झोप आहे. डोळ्यांपुढे लेकीचा तो चेहरा उभा राहिला, गालावर उशीची घडी उमटलेली, लहानपणी दुपारची उठायची तसा. मी विचारलं, “शी स्लेप्ट वेल?” त्या म्हणाल्या, “शी डिड.” त्या रात्री मलाही झोप लागली.

आणखी एका दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. हवेचं काही बोलल्या नाहीत. “शीज बीन क्रायिंग,” म्हणाल्या.

हेही मला समजलं. आत्ता रडत नाही. पण रडलीय, आणि ते दिसतंय.

“व्हाय?” मी विचारलं.

“शी वॉन्ट्स हर मदर.”

नाना शेजारीच बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मदर त्यांना समजलं. ते उठून बाहेर गेले. मला इंग्रजीत खूप सांगायचं होतं. सांगायचं होतं, की तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवा, तिला कपाळापासून मागे फिरवलेला आवडतो. शब्द सापडेनात. मी माझाच हात माझ्या कपाळावरून मागे फिरवून दाखवला. नोराबाईंनी फोन कुठेतरी टेकवून ठेवला आणि आत गेल्या. मला छत दिसत होतं आणि आतून स्वातीचा आवाज ऐकू येत होता. ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण ती हसली, बारीकसं हसली. नोराबाई परत आल्या आणि अंगठा वर करून दाखवला.

त्या वर्षी उत्तरा थांबायला तयार नव्हती. आमची लिंबाची बाग. हस्ताचा बहार धरायचा तर त्याआधी झाडांना महिनाभर पाणी तोडावं लागतं, झाडाला ताण बसावा लागतो. तहान लागल्याशिवाय लिंबू फुलत नाही. पण आभाळच पाणी घालायला बसलेलं, तर तोडणार कसं? नाना गुडघ्याएवढ्या चिखलात उभे राहून झाडांकडे बघत राहायचे.

“ताणच बसंना झाडाला,” ते म्हणायचे. “सगळा ताण आपल्यालाच बसलाय.”

एवढं बोलून ते हसायचे आणि मग हसणं अर्ध्यावर राहायचं. मला आता वाटतं, ते बागेत जायचे ते झाडांसाठी नव्हेच. घरात फोनपाशी बसणं त्यांना सोसत नव्हतं.

हस्त लागला. दुपारची वेळ होती. वीज गेलेली, आभाळ भरून आलेलं, आणि नेहमीची वेळ नसताना फोन वाजला. चित्र फुटत होतं. नोराबाईंचा अर्धा चेहरा, मग नुसता चष्मा, मग आवाज.

“विम्मल! शीज आफ्टर हॅविंग अ लिटल गर्ल!”

मला ‘आफ्टर’ तेवढं स्पष्ट ऐकू आलं. आफ्टर म्हणजे नंतर. कशानंतर? अजून महिन्याहून जास्त अवकाश होता. आता काहीतरी करणार आहेत आणि त्यानंतर होणार आहे? की आधी दुसरंच काही झालंय? “आफ्टर?” मी ओरडले. “आफ्टर व्हॉट? व्हेन?”

नोराबाई हसत होत्या. माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. आपण काय बोललो ते त्यांनी मनात पुन्हा म्हणून बघितलं असावं. मग त्यांनी फोन झटकन फिरवला. दवाखान्याची खिडकी, खाली उभ्या गाड्या, गाड्यांचे टप ओलेचिंब, आणि त्यांवर ऊन.

“लुक,” त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. “रेन. नाऊ, नो रेन. इट्स आफ्टर रेनिंग. यू सी? जस्ट नाऊ.” मग फोन परत स्वतःकडे. “शीज आफ्टर हॅविंग हर. जस्ट नाऊ.”

पडून गेला. नुकताच पडून गेला. म्हणजे होऊन गेलं! त्यांच्याकडे ‘नंतर’ म्हणजे पुढचं नव्हे. पाऊस झाला आणि माणूस त्याच्या या बाजूला येऊन उभं राहिलं, असं ते नंतर.

“हाऊ इज माय गर्ल?” मी विचारलं.

“शीज ग्रँड, लव्ह. दे आर बोथ ग्रँड.”

मी तशीच चपला न घालता बागेच्या बांधापर्यंत पळाले. “अहो! झाली! मुलगी झाली!”

नाना लिंबाखालून वाकून बाहेर आले. काटा लागून कानाशी रक्त आलं होतं, त्यांना पत्ता नव्हता. “पोरगी कशी हाय?”

“बारीक असेल, लवकर झालीय ना. अजून दाखवली नाही.”

“ती न्हाई गं. आपली पोरगी.”

“ग्रँड आहे म्हणाल्या.”

“ग्रँड म्हंजी?”

“झकास.”

ते बांधावर खाली बसले, ओल्या गवतात, तसेच. मीही बसले. मग मोठी सर आली तरी उठलो नाही.

बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होतं. ते दिवस धाकधुकीचे गेले, पण रोज वजन वाढत होतं आणि रोज नोराबाईंचा फोन येत होता. शेलारबाई पेढे खाऊन झाल्यावर म्हणाल्या, “ते आफ्टरचं वाक्य पुन्हा एकदा सांगा बरं.” मी सांगितलं. “कुठल्याच पुस्तकात नाही हे,” त्या म्हणाल्या आणि दोनतीनदा स्वतःशी पुटपुटल्या, “इट्स आफ्टर रेनिंग, इट्स आफ्टर रेनिंग,” नव्या लोणच्याची फोड जिभेवर घोळवावी तशा.

बागेचा बहार त्या वर्षी हुकला. झाडं हिरवीगार, पानंच पानं, फूल औषधालाही नाही. नानांनी फार मनावर घेतलं नाही.

माझा व्हिसा थंडीत आला. डिंक-हळिवाचे डबे घेऊन मी गेले. विमानतळावर नोराबाई स्वतः आल्या होत्या. फोनमध्ये त्या मला उंच वाटायच्या, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बाहेरच्या धुक्याकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मग त्या काही बोलल्याच नाहीत. आम्ही दोघी त्याच हवेत उभ्या होतो, त्यात कळवण्यासारखं काय राहिलं होतं? मुलीचं नाव तारा ठेवलं. दोन्हीकडच्या माणसांना म्हणता येतं.

त्याला आता काही वर्षं झाली. यंदा पहिल्यांदाच नोराबाई इकडे आल्यात, स्वाती आणि ताराबरोबर. इथल्या उकाड्याने त्यांची कातडी लाल झाली, पण तक्रार नाही. नानांबरोबर बाग हिंडतात. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नाही आणि दोघं तासन्‌तास बोलतात. नाना झाडाला हात लावून “ताण” म्हणतात, त्या मान डोलावून “ताण” म्हणतात. शेलारबाई रोज येतात, प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडतात.

एकदा मी नोराबाईंना विचारलं, की तुमच्या इंग्रजीत पाऊस पाडणारा तो ‘इट’ कोण? त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, कुणीच नाही, वाक्याला बसायला कुणीतरी लागतं म्हणून बसवलाय. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे पाऊस स्वतःच येतो. पाहुणा येतो, पत्र येतं, ताप येतो, तसा पाऊस येतो. तो आला की आला म्हणायचं. हे त्यांना कितपत पोचलं कोण जाणे. माझ्या इंग्रजीतून पोचायला वाट अरुंदच आहे.

काल दुपारी चांगलं ऊन पडलं म्हणून मी साठलेले कपडे वाळत घातले. परसात तारभर कपडे, माझी पातळं, नानांचे सदरे, ताराचे फ्रॉक. नोराबाई सावलीत खुर्चीवर, मांडीवर तारा. मी तांदूळ निवडत होते. परतीचा पाऊस आमच्याकडे उगवतीकडून, श्रीगोंद्याच्या अंगाने चढून येतो, आणि वेळ देत नाही. बागेतून नानांची आरोळी आली, “आला रंऽऽ आला!”

पाऊस हा शब्दही ते बोलले नाहीत. मी ताट बाजूला ठेवून उठेपर्यंत नोराबाई उठल्यासुद्धा होत्या. ताराला त्यांनी माझ्या कडेवर दिलं आणि वाळवणाच्या तारेकडे पळाल्या. चिमटे दातांत धरून, एकामागून एक कपडे ओढून खांद्यावर टाकत, चार गाईंच्या घरातली बाई पळावी तशा पळाल्या. सर आली तेव्हा शेवटचं पातळ त्यांच्या हातात होतं. नाना भिजत आले आणि दारातच थबकले. “विहीणबाई, तुमाला कसं कळलं वो?” नोराबाईंनी ढिगातून त्यांचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला.

मग त्या पलंगावर बसून घड्या घालू लागल्या. माझं पातळ उचललं आणि त्याचं टोक शोधू लागल्या. मी ताराला खाली ठेवलं आणि दुसरं टोक धरलं. नोराबाई उठून आपलं टोक घेऊन मागे सरल्या, आणखी मागे, खुर्चीला वळसा घालून थेट दारापर्यंत गेल्या, तरी पातळ संपेना. “जीझस, विम्मल, हाऊ मच ऑफ इट इज देअर?” त्यांनी तिथून विचारलं. आणि तारा दोन्ही हात वर करून, हसत, त्या ताणलेल्या पातळाखालून इकडून तिकडे पळत राहिली.